तीन भाऊ : एका दागिन्याचा अडीचशे वर्षांचा प्रवास

लंडनच्या उत्तरेला हॅटफील्ड हाउस नावाचा एक जुना वाडा आहे. तिथे इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचं १५८५ सालचं एक चित्र आहे. राणीच्या बाहीवर मुंगसासारखा दिसणारा एक छोटा पांढरा प्राणी, अर्मिन, चढलेला दाखवला आहे आणि त्याच्या गळ्यात सोन्याचा इवलासा मुकुट आहे. त्यावरून चित्राला 'अर्मिन पोर्ट्रेट' असंच नाव पडलं. बघणाऱ्याची नजर आधी त्या प्राण्याकडे जाते. तुम्ही मात्र हे चित्र मोबाईलवर उघडलंत तर राणीच्या छातीवर बोटांनी मोठं करून पाहा. काळ्या पोशाखावर एक पदक लटकतंय. त्यात तीन चौकोनी खडे, मधोमध एक टोकदार हिरा, खड्यांच्या अधेमधे मोती आणि खाली लोंबणारा आणखी एक मोती.

राणीने तो घातला तेव्हा हा दागिना जवळजवळ दोनशे वर्षांचा जुना होता. तो इंग्लंडचा नव्हताच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो पॅरिसच्या कारागिरीतून आला आणि बर्गंडीच्या ड्यूकच्या घरात गेला. तिथून तो रणांगणात हरवला, एका शहराने तो चोरून विकत घेतला, मग तो सावकाराच्या पेटीत पडून राहिला आणि शेवटी लंडनला आला. त्याचं नाव 'तीन भाऊ'. तीन चौकोनी खडे आकाराने आणि रंगाने इतके सारखे, की भाऊच म्हणायचे.

युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या जुन्या दागिन्यांबद्दल लिहा असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी यादी करायला बसले होते. मुकुट, साखळ्या, अंगठ्या, बकला. पण यादी करता करता एक गोष्ट सारखी आडवी यायला लागली : गहाण. ज्या दागिन्याची माहिती काढावी तो कुठे ना कुठे गहाण पडलेला. मग मला आमच्या इंदूरच्या घरातली आजी आठवली. तिचे तोडे धाकट्या काकाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी दोनदा सराफाकडे गेले आणि दोनदा परत आले. दागिना कसा दिसतो यापेक्षा मोडला तर किती येतील, हे ती आधी सांगायची. पंधराव्या शतकातल्या ड्यूकला आणि आजीला एकमेकांची भाषा कळली नसती, पण दागिन्याचा हा हिशेब दोघांनाही नक्की कळला असता. म्हणून यादी बाजूला ठेवली आणि एकाच दागिन्याचा माग काढायचं ठरवलं.

खडे आले कुठून

तीन भावांना त्या काळी 'बालास' माणिक म्हणत. हे नाव बदख्शान या प्रांतावरून आलं. आजच्या अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तानच्या सीमेवरच्या डोंगरांत हा प्रदेश आहे. फारसीत या खड्याला 'लाल' म्हणत. खरं तर ते माणिक नव्हेच, तो स्पिनेल नावाचा वेगळा खनिज खडा. रंग तसाच तांबडा, पण घडण वेगळी. दोन्हींतला फरक शास्त्राने नीट सांगायला १७८३ साल उजाडावं लागलं. त्यामुळे इंग्लंडच्या आजच्या राजमुकुटात समोर बसवलेला प्रसिद्ध 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' हाही स्पिनेलच आहे, आणि नाव मात्र माणिक असंच चिकटून राहिलं.

नीलम सिंहलद्वीपातून येत. मोती इराणच्या आखातातून आणि मन्नारच्या समुद्रातून. स्कॉटलंडच्या नद्यांतही मोती मिळत, पण पूर्वेकडच्या मोत्यांचं तेज त्यांना नाही असं जवाहिरे मानत. पाचू त्या मानाने कमी दिसतात, कारण कोलंबियाचे हिरवेगार पाचू युरोपात पोचायला अजून शंभर-सव्वाशे वर्षं होती.

आणि हिरा? ब्राझीलमध्ये अठराव्या शतकात हिरे सापडेपर्यंत युरोपने पाहिलेले जवळजवळ सगळे हिरे आपल्या दख्खनमधून गेलेले. कृष्णा आणि पेन्ना या नद्यांच्या खोऱ्यातले. हैदराबादच्या वाचकांना गोवळकोंड्याचं नाव लगेच आठवेल, पण आपण बोलतोय तो काळ कुतुबशाहीच्या आधीचा आहे. मार्को पोलोने तेराव्या शतकात आंध्रच्या किनाऱ्यावरच्या राज्यातल्या हिऱ्यांबद्दल लिहिलं, तेही दरीत मांसाचे तुकडे टाकायचे आणि गरुडांनी ते उचलले की त्याला चिकटलेले हिरे गोळा करायचे, अशी गोष्ट सांगून. गोष्ट सुरस आहे, पण तिच्या आडून एक खरी माहिती दिसते : हिरे दक्षिण भारतातून येतात, एवढं व्हेनिसला पक्कं ठाऊक होतं.

इथे एक माणूस मला फार आवडतो. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला. बरोबर विकायला एक घोडा आणला होता. पावसाळा त्याने जुन्नरला काढला. तिथल्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तरच देतो म्हणाला. बिचाऱ्याला घोडा परत मिळाला, धर्मही राहिला. पुढे तो बहामनींच्या बिदरला गेला आणि हिरा रायचूरला होतो, हे त्याने आपल्या टिपणात नोंदवून ठेवलं. तो जुन्नरच्या चिखलातून वाट काढत होता त्याच वर्षांत, तिकडे डिझाँ आणि ब्रूझ या शहरांत, बर्गंडीचा नवा ड्यूक चार्ल्स असेच दख्खनी हिरे अंगावर मिरवत होता. मधला रस्ता आखात किंवा तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया किंवा अलेप्पो, मग व्हेनिस आणि आल्प्स ओलांडून उत्तरेला. वाटेत प्रत्येक दलालाने आपलं काढून घेतलेलं.

हिऱ्याला पैलू पाडण्याची कला तेव्हा नुकती कुठे पुढे सरकत होती. आजच्या अंगठीतल्या हिऱ्यासारखा लखलखाट त्या हिऱ्यांत नव्हता. हिरा निसर्गतः दोन पिरॅमिड तळाशी जोडल्यासारखा मिळतो. कारागीर त्याच्या बाजू हिऱ्याच्याच भुकटीने घासून नितळ करत आणि टोक तसंच ठेवत. तीन भावांच्या मधला हिरा असाच टोकदार होता. पुढे टोक घासून वर सपाट मेजासारखा पृष्ठ काढायची पद्धत आली. बाकीच्या रंगीत खड्यांना बहुतेक वेळा पैलूच नसत. ते गोटीसारखे गुळगुळीत करून कोंदणात बसवत. म्हणून संग्रहालयात हे दागिने पाहिले की पहिल्यांदा थोडी निराशा होते. चमचम दिसत नाही. डोळा स्थिरावला की मग खड्याच्या आत साठलेला रंग दिसायला लागतो, आणि मेणबत्तीच्या उजेडात तो कसा दिसत असेल याची कल्पना येते.

नकली मालाचा धंदाही जोरात होता. खड्याखाली चकाकणारा रंगीत पत्रा घालायचा, काचेला माणिक म्हणून खपवायचं. पॅरिसच्या सोनारांच्या १३५५ सालच्या नियमांत अशा लबाड्यांना बंदी घातलेली आहे, आणि नदीचे मोती व पूर्वेचे मोती एकाच दागिन्यात मिसळायलाही. बंदी घालावी लागली, त्या अर्थी काय चाललं होतं ते कळतंच. तीन भावांचं कौतुक याच कारणासाठी अधिक. जुन्या नोंदीत त्यातले तांबडे खडे मागून उघडे बसवल्याचं म्हटलं आहे. उजेड आरपार जाऊ द्या आणि तपासून घ्या, लपवायला काही नाही, असा त्याचा अर्थ.

पुरुषांचा शृंगार

आपल्याकडे दागिना म्हटलं की बाईचा, असं डोळ्यांसमोर येतं. त्या काळच्या युरोपात पुरुष मुळीच मागे नव्हते. टोपीवर रत्नजडित पदक, खांद्यावरून छातीवर रुळणारी जाड साखळी, अंगरख्यावर शिवलेले मोती, दहापैकी सहा-सात बोटांत अंगठ्या. कोणी काय घालावं याचे कायदेही होते. इंग्लंडमध्ये १३६३ साली असा कायदा झाला आणि त्यात कारागीर व साध्या शेतकऱ्यांना सोनं, चांदी, रत्नं वर्ज्य केली. पैसे असले तरी घालायचं नाही. अंगावरचा खडा पाहून माणसाची पायरी कळली पाहिजे, हा हेतू. (कायदा फार काळ टिकला नाही.)

दागिना म्हणजे राजकारणाचा झेंडाही होता. तीन भावांचा पहिला मालक, बर्गंडीचा ड्यूक जॉन, आणि फ्रान्सच्या राजाचा भाऊ ऑर्लिआंचा ड्यूक लुई यांचं हाडवैर. लुईने आपलं चिन्ह म्हणून गाठीगाठींचा सोटा घेतला. जॉनने उत्तर म्हणून सुताराचा रंधा घेतला. सोटा कितीही गाठाळ असला तरी आम्ही तासून काढू! मग रंध्याच्या आकाराची सोन्याची, हिऱ्यांची पदकं घडवून त्याने आपल्या माणसांना वाटली. १४०७ च्या नोव्हेंबरमध्ये जॉनच्या माणसांनी लुईला पॅरिसच्या रस्त्यात ठार केलं. बारा वर्षांनी, १४१९ मध्ये, जॉनचाही तसाच खून झाला. पदकांच्या भांडणाला इतकं रक्त लागलेलं होतं.

आता पुन्हा गहाणाकडे. १ जानेवारीला राजघराण्यात एकमेकांना मौल्यवान भेटी द्यायची पद्धत होती. १४०५ च्या नववर्षाला फ्रान्सच्या राणी इझाबोने आपल्या नवऱ्याला, सहाव्या चार्ल्सला, सोन्याचं एक अप्रतिम शिल्प दिलं. पांढऱ्या मिन्याचा घोडा, मोती, माणकं, नीलम. लोक त्याला 'सोनेरी घोडा' म्हणतात. ते वर्ष सरायच्या आत राजाने ते राणीच्या भावाला, बव्हेरियाच्या लुडविगला, देणं फेडण्यासाठी देऊन टाकलं. बायकोने दिलेली भेट वर्षभरही घरात राहिली नाही, आणि याचं कोणाला फारसं वाईट वाटल्याचं दिसत नाही. कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं की ती भेट म्हणजे सुंदर आकारात घडवलेला रोकडा.

इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने तर कमालच केली. १४१५ साली फ्रान्सवर स्वारी करायची होती, म्हणजे ज्या मोहिमेत अ‍ॅजिन्कोर्टची प्रसिद्ध लढाई झाली ती. सैनिकांच्या पगारासाठी रोख कमी पडली, तेव्हा त्याने राजघराण्यातली रत्नं सरदारांकडे तारण म्हणून दिली. त्यात एक मुकुटही होता. तो राजाच्या भावाकडे गेला आणि त्याने मुकुट फोडून तुकडे आपल्या हाताखालच्या माणसांत वाटून दिले. एकाकडे एक फूल, दुसऱ्याकडे दुसरं. हे तारण सोडवायचं काम हेन्री मेल्यानंतर त्याच्या मुलाच्या राज्यात चालू होतं.

बँका आजच्यासारख्या नव्हत्या, कर गोळा व्हायला महिने लागत, आणि सैन्य महिनाभर थांबत नसे. नाण्यांच्या गोण्या वाहून नेणं अवघड. त्यापेक्षा मुठीत मावणारे चार तांबडे खडे बरे. म्हणून राजे आपला खजिना स्वारीवर बरोबर नेत. आणि चार्ल्सनेही तेच केलं.

ग्रांसोंची लूट

बर्गंडीचा हा चार्ल्स इतिहासात 'धाडसी चार्ल्स' म्हणून ओळखला जातो. फ्रेंच नावात धाडसाबरोबर अविचाराचीही छटा आहे, आणि ती जास्त खरी आहे. फ्रान्स आणि जर्मनीच्या मधोमध आपलं स्वतंत्र राज्य असावं, आपण ड्यूक नव्हे तर राजा व्हावं, हे त्याचं स्वप्न. पैसा अमाप. आजच्या बेल्जियम-हॉलंडमधली श्रीमंत कापडनगरं त्याच्या ताब्यात होती. १४७६ च्या सुरुवातीला तो स्विस लोकांवर चालून गेला. डोंगरातल्या शेतकऱ्यांना धडा शिकवायला किती वेळ लागणार!

२ मार्च १४७६ रोजी नॉशातेल सरोवराच्या काठी ग्रांसों गावाजवळ त्याच्या सैन्याची अचानक पांगापांग झाली. पुढच्या तुकड्या मोकळी जागा करायला मागे सरकल्या, मागच्यांना वाटलं पळापळ सुरू झाली, आणि खरंच पळापळ सुरू झाली. माणसं फार मेली नाहीत. पण छावणी जशीच्या तशी मागे राहिली. तोफा, रेशमी तंबू, गालिचे, चांदीची भांडी, ड्यूकची मोत्यांनी मढवलेली टोपी आणि रत्नांच्या पेट्या.

फिलिप द कॉमिन हा आधी चार्ल्सच्या नोकरीत होता आणि पुढे फ्रान्सच्या राजाकडे गेला. त्याने आपल्या आठवणींत या लुटीबद्दल लिहून ठेवलं आहे. स्विस शिपायांनी चांदीची ताटं कथलाची समजून कवडीमोलाने विकली. एकाला ड्यूकचा मोठा हिरा सापडला. त्याने डबी उघडून पाहिली, परत मिटली, गाडीखाली फेकून दिली, मग काय वाटलं कोण जाणे, परत येऊन उचलली आणि एका पाद्र्याला एका गुल्डनला विकली. आपल्या जुन्या धन्याची फजिती सांगताना कॉमिनने थोडं तिखटमीठ लावलं असेलही. पण ज्याने आयुष्यात हिरा पाहिला नाही त्याच्या हातात तो आला तर काय होईल, याचं चित्र मला खोटं वाटत नाही.

तीन भाऊही याच लुटीत गेले. चार्ल्स मात्र थांबला नाही. जूनमध्ये मुर्टेनला पुन्हा हरला आणि ५ जानेवारी १४७७ रोजी, कडाक्याच्या थंडीत, नान्सी शहराबाहेर मारला गेला. प्रेत दोन दिवसांनी सापडलं तेव्हा चेहरा लांडग्यांनी फाडलेला होता. जुन्या जखमांच्या खुणांवरून त्याच्या वैद्याने आणि नोकरांनी त्याला ओळखलं. त्याच्यामागे एकच मुलगी, मेरी. तिचं लग्न हाब्सबुर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलिअनशी झालं. तो पुढे सम्राट झाला.

नगरपालिकेचं गुपित

लूट एकत्र करायची आणि सगळ्या मित्रपक्षांनी वाटून घ्यायची, असा ठराव होता. पण बाझल शहराच्या कारभाऱ्यांनी त्यातले काही दागिने गुपचूप विकत घेतले. तीन भाऊ त्यातच. आता पंचाईत अशी की दागिना बाहेर दाखवायची सोय नाही. दाखवला तर बाकीचे स्विस वाटा मागणार आणि हाब्सबुर्ग म्हणणार हे आमच्या सासऱ्याचं, परत करा. तेव्हा शहराच्या तिजोरीत दागिना वर्षानुवर्षं नुसता बसून राहिला.

१५०० च्या सुमारास बाझलने तो विकायचं ठरवलं. माल घेऊन दारोदार फिरणं धोक्याचं. म्हणून एका चित्रकाराकडून चर्मपत्रावर दागिन्यांची रंगीत चित्रं काढून घेतली आणि गिऱ्हाइकाला ती दाखवली. आपण आज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो तसंच. चित्रांतल्या दागिन्यांची नावं गोड आहेत : तीन भाऊ, पांढरा गुलाब, छोटं पीस, छोटा पट्टा.

गिऱ्हाईक मिळालं ते जर्मनीतल्या आउग्सबुर्गचं. याकोब फुगर, त्या काळचा सर्वांत मोठा सावकार. खाणी, कापड, हुंड्या, सगळ्यांत त्याचा हात. १५१९ साली पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून यावा म्हणून जो अफाट पैसा ओतला गेला, त्यातला निम्म्याहून जास्त फुगरचा होता. १५०४ मध्ये त्याने बाझलकडून हे चार दागिने ४०,२०० गुल्डनला घेतले आणि तोही गप्प बसला. त्याचा सर्वांत मोठा ऋणको होता मॅक्सिमिलिअन, म्हणजे खुद्द चार्ल्सचा जावई. ज्याच्या सासऱ्याचा दागिना, तोच दारात कर्ज मागायला येतो आणि दागिना आतल्या खोलीत आहे! हा प्रसंग कोणी नाटकात घातला तर आपण म्हणू, जरा जास्तच होतंय.

एवढा मोठा दागिना फोडून विकणं सोपं होतं. एकेका खड्याला गिऱ्हाईक मिळालं असतं. तीन भाऊ मात्र एकत्रच राहिले. याकोबच्या मृत्यूनंतर त्याचा पुतण्या अँटोन याने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीशी बोलणी लावली. हेन्रीला रत्नांची हाव होती, पण १५४७ च्या जानेवारीत तो वारला. सौदा पुरा झाला तो १५५१ मध्ये, त्याचा मुलगा सहावा एडवर्ड याच्या नावाने. एडवर्ड तेव्हा १३ वर्षांचा होता आणि रोजनिशी लिहायचा. त्या रोजनिशीत या खरेदीची नोंद आहे. इंग्लंडवर फुगरचं कर्ज थकलं होतं. फुगरने मुदत वाढवून दिली, पण अट घातली की आमचा हा दागिना विकत घ्या. म्हणजे पैसे नाहीत म्हणून मुदत मागायला गेलेल्याच्या गळ्यात सावकाराने आणखी एक दागिना बांधला. तेरा वर्षांच्या पोराने हे निमूटपणे लिहून ठेवलंय.

एडवर्ड १५ व्या वर्षी गेला. मग मेरी, मग एलिझाबेथ, आणि आपण सुरुवातीला पाहिलेलं ते चित्र.

शेवटचे फेरे

एलिझाबेथनंतर आलेल्या पहिल्या जेम्सने दागिना नव्याने बसवून घेतला. १६२३ साली त्याचा मुलगा चार्ल्स स्पेनच्या राजकन्येला मागणी घालायला खोट्या दाढ्या लावून, नाव बदलून, मित्राबरोबर घोड्यावरून माद्रिदला गेला. वडिलांनी मागाहून दागिन्यांचा पेटारा पाठवला. होणाऱ्या सुनेसाठी काय आणि मुलाने स्वतः काय घालायचं, हे पत्रात लिहून दिलं. तीन भाऊ मुलासाठी होते. लग्न जमलं नाही.

हाच चार्ल्स पुढे राजा झाला, पार्लमेंटशी त्याचं युद्ध जुंपलं आणि पुन्हा तोच प्रश्न आला : सैन्याचे पगार. १६४२ मध्ये राणी हेन्रिएटा मारिया दागिने घेऊन हॉलंडला गेली आणि सावकारांच्या पेढ्या धुंडाळू लागली. लोक नाखूश होते. दागिने राणीचे की देशाचे, पार्लमेंटने उद्या परत मागितले तर काय, असं ते विचारत. त्या मालात तीन भाऊही होते असं मानलं जातं. १६४५ नंतर मात्र त्यांची कुठेच नोंद नाही. राजाचं डोकं १६४९ मध्ये उडवलं गेलं आणि त्याच वर्षापासून पार्लमेंटने इंग्लंडच्या मुकुटांचं सोनं वितळवून नाणी पाडली, खडे विकले. तीन भाऊ एकमेकांपासून वेगळे होऊन आज कोणाच्या तरी अंगठीत असतील, नव्याने पैलू पडल्यामुळे ओळखू येत नसतील. त्यातला हिरा जर कृष्णाकाठचा असेल, तर महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नदीचं पाणी त्याच्यावरून गेलेलं.

तेव्हाचं जे उरलं त्याची गोष्ट उलटी आहे. जे राजांनी स्वतःजवळ ठेवलं ते बहुतेक वितळलं. जे देऊन टाकलं ते राहिलं. इझाबोचा सोनेरी घोडा देण्यात गेला म्हणून बव्हेरियात पोचला आणि आजही आल्टॉटिंगमध्ये आहे. धाडसी चार्ल्सची बायको मार्गारेट, तिचा छोटासा मुकुट आखेनच्या कॅथेड्रलच्या खजिन्यात आहे, कारण तो मेरीमातेच्या मूर्तीला वाहिलेला होता. इंग्लंडमध्ये मिडलहॅम गावाजवळ १९८५ साली धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्यांना सोन्याचं एक पदक सापडलं. त्यात निळाशार नीलम, मागे येशूच्या जन्माचं कोरीवकाम आणि कडेला फेफऱ्यावर उतारा समजले जाणारे मंत्रासारखे शब्द. ते कोणाच्या तरी गळ्यातून पडलं किंवा कोणी पुरून ठेवलं, म्हणून वाचलं. यॉर्कच्या संग्रहालयाने ते १९९२ मध्ये २५ लाख पौंडांना घेतलं. नीलम विषबाधेवर, डोळ्यांच्या दुखण्यावर गुणकारी अशी तेव्हाची समजूत होती. शनीसाठी नीलम घालायचा की नाही यावर आपल्याकडे अजून घरोघरी खल चालतो, तेव्हा त्यांना हसायचं कारण नाही. जाता जाता गोव्याच्या वाचकांसाठी : हिरा पोटात गेला तर माणूस मरतो आणि बोकडाच्या रक्ताने हिरा मऊ होतो, या दोन्ही समजुती खोट्या आहेत, असं गार्सिया द ऑर्ता या वैद्याने लिहिलं. त्याचा तो ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला.

आपल्या कितीतरी घरांतली मुलं हल्ली शिकायला जर्मनीला जातात. त्यांच्यापैकी कोणी म्युनिकला असेल तर रेसिडेन्स राजवाड्यातल्या खजिन्यात एक मुकुट आवर्जून पाहून या. नीलम, तांबडे खडे, हिरे आणि मोती जडवलेली बारा लिलीची फुलं आहेत त्याला. इंग्लंडचा उरलेला सर्वांत जुना मुकुट हाच, आणि तो इंग्लंडमध्ये नाही म्हणूनच उरला. चौथ्या हेन्रीची मुलगी ब्लांश हिचं १४०२ मध्ये जर्मन राजपुत्राशी लग्न झालं तेव्हा तो तिच्याबरोबर गेला. ती तेव्हा दहा वर्षांची होती. सतराव्या वर्षी ती वारली आणि मुकुट सासरीच राहिला.

काचेजवळ जाऊन नीट पाहा. मुकुटाची फुलं काढता येतात. प्रवासात सपाट ठेवता यावीत म्हणून तशी सोय केलेली आहे, आणि पुन्हा लावताना चुकू नये म्हणून फुलांवर क्रमांक घातलेले आहेत.